डोस मोजणाऱ्यालाही कुणीतरी मोजावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅन्सरच्या रेडिएशनचं नवं यंत्र बसलं की फोटोसकट बातमी येते. त्यातून डोस नेमका किती बाहेर पडतो आणि तो कोण तपासतं, हे बातमीत कधी दिसत नाही. हेच तपासण्यात माझी ३१ वर्षं गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

काम दिसायला साधं. पाण्याची चौकोनी टाकी, पाण्यात १० सेंटिमीटर खोल बोटाच्या पेराएवढं आयन चेंबर (रेडिएशन पडलं की त्यातल्या हवेत विद्युतभार तयार होतो), तारेच्या दुसऱ्या टोकाला तो भार मोजणारा इलेक्ट्रोमीटर. चेंबरमध्ये खोलीतलीच हवा असते, त्यामुळे तापमान आणि हवेचा दाब पाहून आकडा दुरुस्त करावा लागतो. एकदा आमचा बॅरोमीटर बिघडला. मी वेधशाळेला फोन करून दाब विचारला आणि गणितात घातला. यंत्र ६ टक्के कमी डोस देतंय असं निघालं. आउटपुट वाढवणारच होतो, इतक्यात ज्युनिअर म्हणाली, "सर, त्यांनी समुद्रसपाटीचा दाब सांगितला असेल." तसंच होतं. आम्ही साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे दाब कमी! यंत्र बरोबर होतं, चुकलो होतो मी. ती बोलली नसती तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला ६ टक्के जादा डोस गेला असता.

१९९६ मध्ये कोस्टारिकात यंत्राचा डोस मोजताना ०.३ मिनिटं, म्हणजे १८ सेकंद, कुणीतरी ३० सेकंद धरली. ११५ रुग्णांना जादा डोस मिळाला. जादा डोस निदान कातडीवर दिसतो. इंग्लंडमधल्या एका केंद्रात रुग्ण यंत्रापासून किती लांब आहे त्यानुसार डोसाची दुरुस्ती संगणक करत असताना माणसंही करत राहिली. १९८२ ते १९९१ या काळात सुमारे हजार जणांना कमी डोस मिळाला. कमी डोसाची तक्रार घेऊन कोण येणार?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने छोटे डोसमापक पाठवतात. पाण्यात ठेवून त्यांना २ ग्रे (ग्रे म्हणजे डोसाचं एकक) द्यायचे आणि परत धाडायचे. आपण सांगितलेला डोस आणि त्यांनी मोजलेला डोस यांतला फरक ५ टक्क्यांवर गेला की विचारणा होते. आपला हिशेब परक्याच्या हाती देताना पोटात गोळा येतो, हे खरं.

तेव्हा पुढची बातमी छापताना एवढं विचारा: बाहेरच्या तपासणीत शेवटचा फरक किती आला? निवृत्तीच्या वर्षी माझा १.४ टक्के होता. तो कागद अजून कपाटात आहे.

– एक निवृत्त मेडिकल फिजिसिस्ट (रेडिएशनचा डोस मोजणारा भौतिकतज्ज्ञ)