रॉयल हायस्कूलची ओळख करून देणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

लेकीचा हायर परीक्षेचा (विद्यापीठात जायला लागणाऱ्या इथल्या शालेय परीक्षेचा) निकाल लागला त्या सकाळी पहिला फोन तुम्हाला केला होता. मी आभार मानायला लागले आणि तुम्ही "अगं, मी काय केलं?" म्हणून विषयच बदललात. तुम्ही काय केलंत ते म्हणून लिहून सांगते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. दर ऑगस्टमध्ये, इथल्या शाळा उघडायच्या सुमारास, पुण्या-मुंबईहून किंवा नाशिकहून एखादं मराठी कुटुंब एडिनबऱ्यात येतं आणि आम्ही तुम्हाला विचारला होता तोच प्रश्न विचारतं: मुलांना घराजवळच्या काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, शाळेत घालायचं, की फी भरून खासगीत?

पुण्यात शाळाप्रवेश म्हटलं की अर्ज, ओळखी, देणग्या आणि वर्षभराची धाकधूक. इथे काउन्सिलने आमचा पत्ता पाहिला आणि शाळेचं नाव कळवलं: रॉयल हायस्कूल, बार्नटन. प्रवेशपरीक्षा नाही, मुलाखत नाही, एक पैसा फी नाही. आम्हाला आनंद व्हायला हवा होता, पण काळजीच वाटली. एडिनबऱ्यात खासगी शाळांत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण बाकी स्कॉटलंडपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे ओळखीतला प्रत्येक जण तिकडचंच सुचवत होता. तुमच्याकडे चहाला बसून हे सगळं बोललो. तुम्ही मत दिलं नाहीत. "रविवारी चालायचे बूट घालून या, लेकीलाही आणा," एवढंच म्हणालात.

त्या रविवारी तुम्ही आम्हाला शाळा दाखवलीत, पण बार्नटनला नेलंच नाहीत. सुरुवात केलीत होलिरूडच्या मठाच्या भग्न भिंतींपासून. राजा पहिला डेव्हिड याने ११२८ मध्ये हा मठ स्थापन केला आणि शाळा आपली परंपरा तिथपर्यंत नेते. मग तुम्ही ते वाक्य बोललात, जे आमच्या घरात अजून सांगितलं जातं: "म्युनिसिपालिटीची शाळा म्हणून विचारात पडलात ना? ही १५६६ पासून म्युनिसिपालिटीचीच आहे." स्कॉटलंडच्या मेरी राणीने त्या वर्षी शाळेचा कारभार मठाकडून काढून एडिनबऱ्याच्या नगर काउन्सिलकडे दिला. पुढे तिचा मुलगा सहावा जेम्स याने राजाश्रय दिला आणि नावात 'रॉयल' आलं. विसाव्या शतकात काही वर्षं शाळा लोथियन प्रादेशिक काउन्सिलकडे होती, पण तेही लोकांनी निवडून दिलेलंच. म्हणजे साडेचारशेहून जास्त वर्षं ही नगराची शाळा आहे. माझ्या मनातली निम्मी शंका त्या एका वाक्याने गेली.

१५९५ ची हकिगत ऐकताना लेक रस्त्यातच थबकली होती. काउन्सिलने सुट्टी नाकारली म्हणून मुलांनी शाळेची दारं आतून लावून घेतली. दार फोडायला आलेला बेली, म्हणजे नगराचा अधिकारी, जॉन मॅकमोरन याला विल्यम सिंक्लेअर नावाच्या विद्यार्थ्याने गोळी घालून ठार केलं. मॅकमोरनचं घर लॉनमार्केटजवळ रिडल्स कोर्टात अजून उभं आहे, तेही तुम्ही नंतर एकदा दाखवलंत. शाळेच्या इतिहासात मोठ्या माणसांची नावं असतात तशा अशाही गोष्टी असतात, आणि तुम्ही त्या झाकून ठेवल्या नाहीत. मला ते फार आवडलं.

काउगेटच्या वर हायस्कूल यार्ड्समध्ये १७७७ ची इमारत आहे. ती आता एडिनबरा विद्यापीठाकडे आहे. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट इथे शिकला. त्या काळचे रेक्टर, म्हणजे मुख्याध्यापक, अलेक्झांडर ॲडम लॅटिनचे नावाजलेले पंडित होते, आणि तुम्ही सांगितलंत की १८०९ मध्ये मरताना भ्रमातही ते वर्गातच होते: "अंधार पडतोय मुलांनो, आता तुम्ही जा." हे सांगताना तुमचा आवाज जरा बदलला होता. इतकी वर्षं इथल्या मुलांमध्ये काम केलेल्या बाईचाच तो आवाज.

ॲडम यांच्यानंतर रेक्टर झालेले जेम्स पिलन्स यांची गोष्ट मी त्यानंतर किती जणांना सांगितली असेल! भूगोल शिकवताना सगळ्या वर्गाला नकाशा एकाच वेळी दिसावा म्हणून त्यांनी मोठा काळा फळा भिंतीवर लावला आणि रंगीत खडूंनी नकाशे काढले. वर्गातल्या फळ्याचं श्रेय बरेचदा त्यांना दिलं जातं. माझे आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. हातावर, सदऱ्यावर खडूची पूड घेऊनच ते घरी यायचे. त्यांना हे ऐकून काय वाटलं असतं, असा विचार मी तिथे उभी राहून केला.

मग तुम्ही आमच्याकडे वळून विचारलंत, "तुम्ही पुण्याचे ना? तुमचा एल्फिन्स्टन इथलाच." आम्ही दोघं बघतच राहिलो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा रेसिडेंट, ज्याच्या काळात १८१७ ला खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी आणि त्याचा ग्रंथसंग्रह जळला, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला तो माणूस १७९१ च्या सुमारास याच शाळेत होता. आमच्या मनात त्याच्याविषयी एकच भावना असणं शक्य नाही. त्याने पेशवाई बुडवणाऱ्या सत्तेची चाकरी केली. त्यानेच १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू करवली, आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज आलं. १८२७ मध्ये तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली, आणि त्या पैशांतून उभ्या राहिलेल्या एल्फिन्स्टन कॉलेजात बाळशास्त्री जांभेकर शिकवत होते, दादाभाई नौरोजी शिकले. तुम्ही या दोन्ही बाजू मांडल्यात आणि कुठलाही निष्कर्ष आमच्यावर लादला नाहीत. आपल्या आधी कितीतरी वर्षं या शाळेचा आणि आपल्या गावाचा संबंध आला होता, हे कळल्यावर लेकीचं शाळेशी नातंच बदललं. तिने त्याच रात्री पुण्याच्या आजीला फोन करून हे सांगितलं.

कॅल्टन हिलची इमारत तुम्ही सगळ्यात शेवटी ठेवली होती. रीजंट रोडवरून ती दिसली तेव्हा ही शाळा असेल यावर विश्वास बसेना. मधोमध ग्रीक देवळासारखा डोरिक खांबांचा भाग, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, टोकांना लहान मंडप. टॉमस हॅमिल्टनने ती १८२५ ते १८२९ या काळात बांधली, अथेन्सच्या हेफेस्टसच्या मंदिराचा आदर्श ठेवून. एडिनबऱ्याला 'उत्तरेचं अथेन्स' म्हणवून घ्यायची हौस होती तो हा काळ. समोर खाली कॅननगेटचं चर्च आणि पलीकडे आर्थर्स सीटची टेकडी. सॅलिसबरी क्रॅग्सचे काळे कडे दाखवून तुम्ही जेम्स हटनचं नाव घेतलंत. आधुनिक भूशास्त्राचा पाया घालणारा हा माणूसही याच शाळेचा, आणि वितळलेला खडक जुन्या थरांत घुसून थिजतो याचा पुरावा त्याने याच कड्यांत दाखवला. सह्याद्रीच्या बेसाल्टवर खेळून मोठी झालेली आमची मुलगी त्या कड्यांकडे टक लावून पाहत होती. पुढे तिने भूगोल घेतला त्याचं बीज त्या दुपारी पडलं, असं मी खात्रीने म्हणते.

टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच इमारतीत शिकला, आणि पंधराव्या वर्षी काही फारसे गुण न मिळवता बाहेर पडला. हे तुम्ही मुद्दाम माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलंत. ते बरोबर जागी पोचलं.

शाळा १९६८ मध्ये शहराच्या पश्चिमेला बार्नटनला गेली. तिच्यामागे कॅल्टन हिलच्या इमारतीचं जे झालं ते ऐकून वाईट वाटलं. स्कॉटिश असेंब्लीसाठी, म्हणजे स्कॉटलंडच्या नियोजित विधिमंडळासाठी, तिचं सभागृह तयार केलं गेलं. ही असेंब्ली हवी का, यावरच्या १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के लोकांनी बाजूने मत दिलं, पण एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांची अट होती आणि तेवढे झाले ३२.९. असेंब्ली आलीच नाही. १९९२ पासून १९९७ पर्यंत, १९८० दिवस, या इमारतीच्या फाटकासमोर लोक स्कॉटलंडच्या स्वतःच्या संसदेसाठी जागता पहारा देत बसले होते. संसद मिळाली, पण ती उतरणीच्या पायथ्याशी होलिरूडला बांधली गेली. नंतर इथे हॉटेल करायचा बेत आला. तोही नाकारला गेला, आणि आता संगीताचं राष्ट्रीय केंद्र उभारायचं ठरलं आहे. मला हॉटेलपेक्षा हे हजारदा बरं वाटतं.

पण काकू, तुमचं सगळ्यात मोठं देणं यानंतरच्या बोलण्यात होतं. पायऱ्यांवर थर्मासमधला चहा ओतताना तुम्ही सांगितलंत की इतकी शतकं ही निवडक मुलग्यांची शाळा होती. स्कॉटलंडभर साधारण बाराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी व्हायची. थोडी मुलं सीनियर सेकंडरीत, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवर, आणि बाकीची बहुसंख्य ज्युनियर सेकंडरीत, जिथून लवकर शाळा सोडून कामाला लागायचं. १९६५ मध्ये ६०० क्रमांकाचं सरकारी परिपत्रक आलं आणि ही चाळणी काढून टाकायची दिशा ठरली. रॉयल हायस्कूलने १९७३ मध्ये दारं उघडली. मुलगे आणि मुली दोघांनाही, आणि परीक्षा न घेता, भोवतालच्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला. "आठशे वर्षांत तुझ्या मुलीला इथे जागा नव्हती. आता आहे, आणि हक्काने आहे," असं तुम्ही म्हणालात. मी तेव्हा काहीच बोलू शकले नाही. आमच्या घरात सातवीनंतर शाळा सुटलेली माझी आजी होती, तिच्या भावांची मात्र सुटली नव्हती. कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा म्हणजे काय, हे मला कुठल्याही माहितीपत्रकातून इतकं कळलं नसतं.

बार्नटनची शाळा पाहिली ती पुढच्या आठवड्यात, लेकीचा हात धरून. साठच्या दशकातली साधी, सरळ रेषांची इमारत, मोठ्या खिडक्या, भोवती हिरवी मैदानं. देवळासारखे खांब नाहीत. पण फाटकातून आत येणारी मुलं पाहिली आणि मला ती जागा कॅल्टन हिलइतकीच भव्य वाटली. क्रॅमंडच्या ऐसपैस बंगल्यांतली आणि क्लर्मिस्टनच्या काउन्सिलच्या घरांतली मुलं एकाच काळ्या-पांढऱ्या टायमध्ये, एकाच दाराने आत जात होती. आमचीही त्यांच्यात मिसळली.

नंतरची मदत तर मोजायलाच नको. एस-३ च्या, म्हणजे माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाच्या, शेवटी विषय निवडताना तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद मांडून नॅशनल-५, हायर आणि ॲडव्हान्स्ड हायर यांची शिडी समजावलीत. पालकसभेला जाताना बजावलंत की वर्गात कितवी आली ते विचारू नका, तिला काय जमत नाही ते विचारा. लेक पहिल्या हिवाळ्यात मैत्रिणी नाहीत म्हणून गप्प गप्प राहायला लागली, तेव्हा गायडन्स टीचरशी, म्हणजे मुलांच्या अडचणी पाहणाऱ्या शिक्षिकेशी, थेट बोलायचं असतं, त्यात कमीपणा नसतो, हेही तुम्हीच सांगितलंत. त्या शिक्षिकेने तिला ऑर्केस्ट्रात बसवलं आणि घरात पुन्हा बडबड सुरू झाली.

आता एक मागणं आहे. शाळेच्या मध्ययुगावर, रेक्टरांवर, स्कॉट आणि बेलवर लिहिणारे पुष्कळ झाले. १९७३ नंतरच्या शाळेत शिकलेल्या मुलांवर, त्यांच्यात मिसळलेल्या आपल्या मराठी मुलांवर, डब्यात पोळी-भाजी नेणाऱ्या पहिल्या मुलीवर कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही. तुमची दोन्ही मुलं त्या वर्गांत होती. तुम्ही सगळं पाहिलं आहे आणि तुम्हाला सगळं आठवतं. तुम्ही सांगा, मी लिहून घेईन. वही आणून ठेवली आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला या, लेकीने तुमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करायची ठरवली आहे, आणि आपण पहिलं पान त्याच दिवशी लिहू.

तुमची,
डेव्हिडसन्स मेन्सची शेजारीण