उपग्रह सांभाळण्याचेही करिअर

महोदय,

चांद्रयान-३चे उड्डाण १४ जुलै २०२३ रोजी नियोजित वेळेपेक्षा ४ सेकंद उशिरा झाले ते अवकाशातील दुसऱ्या वस्तूशी संभाव्य टक्कर टाळण्यासाठी, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. २००९ मध्ये इरिडियम-३३ आणि निकामी कॉसमॉस-२२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळून कक्षेत मोठा कचरा विखुरला होता. म्हणूनच उपग्रहाचा पुढचा मार्ग वर्तवणे, धोक्याची शक्यता मोजणे आणि मोजके इंधन खर्चून त्याला हलवायचे की नाही हे वेळेत ठरवणे, ही जबाबदारी मला रॉकेट उभारणीइतकीच मोलाची वाटते. 'इस्रो'चे यासाठी बेंगळुरूला स्वतंत्र केंद्र आहे. गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रामिंगची आवड असलेल्या मुलांसाठी आपल्या करिअर पुरवणीत या क्षेत्राची सविस्तर माहिती द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे