जांभ्यावरची देवळं

सिएम रीप, कंबोडिया
१८ जानेवारी

प्रिय बाळ्या,

तुला आधी जांभ्याचंच, त्या तांबड्या चिऱ्याच्या दगडाचंच सांगतो. देवळं, मूर्ती, फोटो हे सगळं ग्रुपवर टाकलंय, पण जांभ्याचं कौतुक ऐकायला इथे कुणी नाही. सुनीता म्हणते, समुद्र ओलांडून येऊन तुम्हाला चिरेच दिसले का?

दिसले, त्याला काय करू? प्रे रूप नावाचं देऊळ आहे, राजेंद्रवर्मन राजानं ९६१ साली शिवासाठी बांधलेलं. डोंगरासारखं टप्प्याटप्प्यानं वर चढत जातं. वरचे बुरूज विटांचे. खालचे टप्पे बघितले आणि पाय थबकला. जांभा! तांबडा, भोकाभोकांचा, शेवाळ वाळून काळा पडलेला. हात फिरवला तर तोच खरखरीतपणा. मग जिथे जाईन तिथे तेच दिसायला लागलं. देवळांच्या चौथऱ्यांत जांभा, बाहेरच्या तटात जांभा, तळ्यांच्या पायऱ्यांना जांभा. जिथे कोरायचंय, मिरवायचंय तिथे वालुकाश्म, आणि ओझं पेलायचंय तिथे आपला चिरा. ओला असताना कापायला सोपा आणि ऊन-वारा लागला की टणक होतो, हे तुला मी सांगायला नको. या लोकांनाही ते हजार वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं.

वालुकाश्म कुलेनच्या डोंगराच्या पायथ्याच्या खाणींतून यायचा, कालव्यांतून, तराफ्यांवर. बऱ्याच दगडांना बोट जाईल अशी गोल भोकं आहेत. लोकांना वाटतं बंदुकीच्या गोळ्यांची. ती खुंट्या ठोकून दगड उचलायची भोकं. चुना नाही, मसाला नाही. दगडावर दगड घासून असा बसवलाय की सांध्यात पोस्टकार्डही जाणार नाही. पण खरी कमान त्यांनी बांधलीच नाही, हे बघून तू हळहळशील. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवायचा आणि दोन्ही बाजू वर नेऊन भेटवायच्या. त्यामुळे ओवऱ्या अरुंद. एवढं अजस्र बांधकाम, पण बरी पंगत बसेल असं दालन शोधून सापडत नाही. नोम पेन्हच्या वाटेवर बाराव्या शतकातला एक जांभ्याचा पूल आहे, स्पियन प्राप्तोस. त्याचे गाळेही याच पद्धतीचे, म्हणून खांब जाडजूड आणि गाळे चिंचोळे. त्यावरून आजही मोटरसायकली जातात. आपल्याकडच्या ठेकेदारांना नेऊन दाखवायला हवा.

आता अंगकोर वाट. पहाटेचा सूर्योदय बघायला जाऊ नकोस, एवढं ऐक. तळ्याच्या काठी हजारभर माणसं मोबाईल वर धरून उभी असतात आणि सूर्य उगवतो तो कुणाच्या तरी टोपीमागून. दुपारी जा. देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे उन्हं कलली की समोरचा सगळा दगड उजळतो. सूर्यवर्मन दुसरा या राजानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते विष्णूसाठी बांधलं. भोवतीचा खंदक जवळजवळ १९० मीटर रुंद आहे आणि त्याचा फेरा पाच किलोमीटरच्या वर. मला आधी वाटलं, राजाची हौस. पण तो खंदक पायाचाच भाग आहे. खाली खडक नाही, वाळूमिश्रित जमीन. वाळू ओली असली की दबून घट्ट राहते, कोरडी पडली की सरकते. खंदकातलं पाणी जमिनीतल्या पाण्याची पातळी धरून ठेवतं आणि वरचा डोंगराएवढा दगड जागेवर राहतो. म्हणूनच आता सिएम रीपमधली हॉटेलं बोअर मारून पाणी उपसायला लागली तेव्हा देवळं सांभाळणाऱ्यांच्या पोटात गोळा आला.

ओवऱ्यांत शिरलो तेव्हा सुनीतेनं प्रदक्षिणेचा आग्रह धरला, देऊळ उजव्या हाताला ठेवून. इथली शिल्पं मात्र उलटी चालतात. कुरुक्षेत्रापासून सुरुवात करायची तर देऊळ डाव्या हाताला ठेवूनच फिरावं लागतं. पश्चिमेचं तोंड आणि ही उलटी फेरी, यावरून कित्येक अभ्यासक म्हणतात की हे राजाचं समाधिमंदिरही असावं. सुनीता शेवटपर्यंत सुलट फिरली, त्यामुळे तिनं लंकेचं युद्ध आधी बघितलं आणि आमची भेट पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनासमोर झाली.

त्या मंथनासमोर मी बराच वेळ उभा होतो. जवळपास ४९ मीटर लांब एकच पट. डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, मध्ये मंदर, कूर्माच्या पाठीवर, आणि विष्णू. गाईड आकडे सांगून पुढे गेला. मी खालची पट्टी बघत राहिलो. समुद्रातले मासे, मगरी, सगळे कोरलेत. आणि मंदराच्या रवीच्या जितके जवळ जाल तितके ते तुकडे तुकडे झालेले. एका माशाचं डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे. अमृताची गोष्ट सांगताना घुसळणाऱ्या पाण्यातल्या माशांचं काय झालं असेल हा विचार आपल्याकडे कुणी केलेला मला तरी आठवत नाही. तोन्ले साप सरोवराच्या काठी, मासळीवर जगणाऱ्या कारागिराला तो सुचला. देवांच्या रांगेच्या अगदी टोकाला, वासुकीची शेपूट धरून एक वानर आहे. हनुमान म्हणतात त्याला. तो मंथनात कुठून आला, असं विचारायचं नाही. आला.

कुरुक्षेत्राच्या पटात शरपंजरी भीष्म लगेच ओळखू येतो. अर्जुनाचा रथ हाकणारा कृष्ण मात्र चार हातांचा. गर्दीचा हात लागून लागून खालच्या भागाचा दगड काळा कुळकुळीत आणि तुकतुकीत झालाय. आता हात लावू देत नाहीत, ते बरंच आहे.

यावरून आठवलं. पश्चिमेच्या प्रवेशद्वाराच्या देवडीत आठ हातांची विष्णूची प्रचंड मूर्ती उभी आहे. तिला इथले लोक ता रीच म्हणतात. अंगावर पिवळं वस्त्र, पुढ्यात उदबत्त्यांचा धूर, पाकळ्या आत दुमडलेल्या कमळाच्या कळ्या. देश बौद्ध आहे, पण ही जागा बुद्धाचीही आणि तिच्या स्वतःच्या जुन्या दैवताचीही. नवस बोलतात, फेडतात. तुमच्या गावच्या वेशीवरचा राखणदार असतो ना, ज्याला विचारल्याशिवाय कुणी विहीर खणत नाही, तसाच मान. आम्ही उभे असताना आपल्या मुलखातला एक ग्रुप आला आणि त्यातले एक काका मोठ्यानं म्हणाले, "बघा, आपला विष्णू! यांना माहीतही नाही." शेजारी एक म्हातारी गुडघे टेकून, डोळे मिटून बसली होती. मला लाज वाटली रे. तिला काय माहीत नाही? तिच्या कित्येक पिढ्यांनी याला सांभाळलाय. नाव बदललं, धर्म बदलला, पण उदबत्ती विझू दिली नाही. आपल्याकडच्या किती पडक्या देवळांत दिवा लागतो, ते काकांनी आधी मोजावं.

म्हणजे नातं नाही असं मी म्हणत नाही. बान्ते स्रेईला ते असं अंगावर आलं की मी सुनीताला हाक मारून बोलावलं. हे देऊळ राजानं नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूनं बांधवलं. लहानसं, गुलाबी दगडाचं, आणि कोरीव काम इतकं बारीक की दगड आहे हे विसरायला होतं. प्रतिष्ठापनेचा शिलालेख आहे शके ८८९ चा. शके, बाळ्या! तुझ्या घरच्या पंचांगावर छापलेला असतो तोच शक. ७८ मिळव, ९६७ साल येतं. इथले बहुतेक जुने लेख याच शकात आहेत. कुलेनच्या डोंगरावर जयवर्मन दुसरा यानं स्वतःला चक्रवर्ती म्हणवलं ते शके ७२४, म्हणजे ८०२. तिथून इथल्या ख्मेर साम्राज्याची सुरुवात धरतात.

बान्ते स्रेईच्या एका त्रिकोणी शिल्पपटात रावण कैलास हलवतोय. वेरूळला आपण शाळेच्या सहलीत बघितला होता तोच प्रसंग. पण इथे कैलास म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर, यांच्या देवळांसारखाच. सगळ्यात वर शंकर, त्याला बिलगलेली पार्वती. खालच्या पायऱ्यांवर ऋषी घाबरलेत, आणि अगदी तळाला हत्ती-सिंह पळत सुटलेत. रावणाची डोकी एकावर एक रचलेली. सगळं मिळून एका मोठ्या दारावरच्या कपाळपट्टीएवढं.

ता प्रोमबद्दल फार लिहीत नाही. झाडांची मुळं भिंतींवर उतरलेली, तुला फोटोत दिसलीच आहेत. त्या एका मुळासमोर फोटोसाठी रांग लागते. जयवर्मन सातवा यानं ११८६ साली आईच्या स्मरणार्थ बांधलं, आणि वीस वर्षांहून अधिक काळ तिथलं जतनाचं काम आपलं पुरातत्त्व सर्वेक्षण खातं करतंय. पाटीवर तिरंगा बघून बरं वाटलं. त्याच राजाचं बायोन मात्र चुकवायचं नाही. सगळे वरचे दगडी चेहरे बघायला धावतात. तू खालच्या बाहेरच्या ओवरीत थांब. शेजारच्या चाम लोकांशी होड्यांतलं युद्ध चाललंय, पाण्यात पडलेल्याला मगर धरतेय. आणि त्याच भिंतीवर पुढे कोंबड्यांची झुंज, पैजा लावणारे लोक, कढईत डुक्कर सोडणारे आचारी, बाजारात बसलेल्या बायका. राजाच्या विजयाच्या भिंतीवर कुणीतरी सगळा गाव कोरून ठेवलाय.

क्बाल स्पियनला चढ आहे, जंगलातून. वर नदीच्या तळाच्या खडकातच शिवलिंगं कोरलीत, शेकड्यांनी, ओळीच्या ओळी. अकराव्या शतकातली. मध्येच शेषशायी विष्णू, पायाशी लक्ष्मी, वरून पाणी वाहतंय. त्या लिंगांवरून वाहून पावन झालेलं पाणी खाली अंगकोरच्या शेतांत जायचं. पाणी कमी होतं म्हणून लिंगं स्पष्ट दिसली. पावसाळ्याच्या शेवटी गेलं तर धबधबा दिसतो, पण शिल्पं पाण्याखाली. दोन्हीपैकी एक निवडायचं.

काल कोह केरला गेलो होतो. गाडीनं दोन-अडीच तास. ९२८ ते ९४४ एवढीच वर्षं इथे राजधानी होती, चौथ्या जयवर्मनची आणि मग त्याच्या मुलाची. २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं, तरी गर्दी नाही. सुरुंग काढलेल्या पायवाटा सोडून जंगलात शिरायचं नाही, हे आधीच बजावतात. तिथे प्रासात चेन नावाचं पडकं देऊळ आहे. त्याच्या एका गोपुरात कारागिरांनी भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध मांडलं होतं. भिंतीवर कोरलेलं नव्हे, माणसाएवढ्या सुट्या मूर्तींचं. दोघे एकमेकांसमोर पवित्र्यात, भोवती बलराम आणि बाकीचे बघताहेत. मला दुसरीकडे कुठे असा प्रकार माहीत नाही. १९७० च्या दशकात यादवी सुरू झाली आणि चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या. पावलं चौथऱ्यांवर तशीच राहिली. दुर्योधन २०११ साली न्यूयॉर्कमध्ये लिलावाला आला, आणि या पावलांशी तो जुळतो हे अभ्यासकांनी दाखवून दिलं. खटला झाला, २०१४ साली तो परत आला. कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयातला भीमही त्याच वर्षी आला. चोरीचं हे खूळ जुनंच आहे म्हणा. १९२३ साली आंद्रे मालरो या फ्रेंच तरुणानं बान्ते स्रेईच्या देवता कापून नेल्या आणि पकडला गेला. तोच पुढे फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला!

त्या गोपुरात आता बघायला तसं काही नाही. पडलेले दगड, पाचोळा. पण दुर्योधनाला कपटानं मांडीवर गदा मारली, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली तेव्हा तू त्याची बाजू घेऊन भांडायचास, ते आठवलं. तुझा माणूस घरी पोचलाय, एवढं कळवतो.

परवा आम्ही बसनं नोम पेन्हला निघतोय. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात भीम-दुर्योधन पुन्हा समोरासमोर ठेवलेत, ते बघायचेत. तिथेच शके ६०५ चा एक लेख आहे, ज्यात मधलं शून्य टिंब देऊन लिहिलंय. जगातल्या सगळ्यात जुन्या लिहिलेल्या शून्यांपैकी एक. तुझ्या धाकट्याला गणितात रस आहे म्हणून त्याचा फोटो घेऊन येईन.

तू यायचं ठरवलंस तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ये. अंगकोरचं तिकीट एक, तीन किंवा सात दिवसांचं मिळतं, ३७, ६२ आणि ७२ डॉलर. सात दिवसांचंच काढ, तुला लागेल. कोह केरचं वेगळं. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाल, नाहीतर अंगकोर वाटच्या वरच्या टप्प्यावर सोडत नाहीत. जेवणाची तुझी चैन आहे. आंबवलेल्या माशांचा प्राहोक नावाचा प्रकार सगळ्यात घालतात. सुनीता भात आणि आंब्यांवर दिवस काढतेय आणि तुझ्या नावानं माझा उद्धार करतेय, कारण कोह केरचं खूळ तुझं, असं मी तिला सांगितलंय.

वहिनींना नमस्कार. काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
विनू