एआयचा न तपासलेला मजकूर आणि गूगलवर मागे पडलेली वेबसाइट : तक्रार पत्र

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
डिजिटल मार्केटिंग विभाग, पुणे

विषय : एआयने लिहिलेला मजकूर न तपासता वेबसाइटवर टाकल्याबद्दल व त्यामुळे गूगलवरचे स्थान घसरल्याबद्दल

महोदय,

कसबा पेठेत, तांबट आळीत असलेल्या आमच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट एप्रिलपासून आपल्याकडे सांभाळायला दिली आहे. तेव्हापासून आपण तिच्यावर २४० नवी पाने चढवलीत. ऑक्टोबरच्या अहवालात घसरणीचे कारण म्हणून 'गूगलचा अपडेट' एवढेच लिहिले आहे. हे आम्हाला मान्य नाही.

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक आणणारे आमचे पान म्हणजे 'भांड्यांना कल्हई कशी करतात'. आपण १० जूनला त्यातला मजकूर पूर्ण बदललात. १६ जूनच्या आठवड्यापासून त्याचे क्लिक उतरू लागले. गूगलचा कोअर अपडेट, म्हणजे क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, सुरू झाला ३० जूनला आणि संपला १७ जुलैला. म्हणजे घसरण त्याच्या दोन आठवडे आधीपासूनची आहे. सर्च कन्सोलच्या (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनाच्या) परफॉर्मन्स अहवालात हे एकच पान निवडा आणि गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी तुलना लावा, लगेच दिसेल. इंप्रेशन, म्हणजे शोधाच्या निकालात पान दिसण्याची संख्या, वाढल्याचे आपण ठळक अक्षरांत छापले आहे, पण नवी पाने साठाव्या-सत्तराव्या क्रमांकावर दिसली तरी इंप्रेशन मोजले जाते. त्यातून दुकानात कोणी येत नाही.

आता त्या पानात काय बदलले ते पाहा. जुन्या मजकुरात कामाचा खरा क्रम होता : भांडे घासून स्वच्छ करायचे, भट्टीवर तापवायचे, नवसागर भुरभुरायचा, कथलाचा तुकडा टेकवायचा आणि तो वितळला की कापसाच्या बोळ्याने झपाझप सगळीकडे पसरायचा. नव्या मजकुरात कथलाच्या जागी जस्त आले आहे. कथील २३२ अंशांना वितळते, जस्ताला ४१९ अंशांच्या वर तापवावे लागते. शिवाय आंबट पदार्थात जस्त विरघळते, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याला ते आतून कोणी लावत नाही. दुसऱ्या एका पानावर बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ताक रात्रभर ठेवायचा सल्ला आहे. आमच्या दुकानाच्या नावाखाली हे छापले गेले याचा आम्हाला फार त्रास होतो. कोणी खरेच तसे केले तर आजारी पडेल. बिडाच्या तव्याच्या पानावर 'वापरण्यापूर्वी तव्याला मसाला लावा' असे आहे. इंग्रजीतले 'सीझनिंग', म्हणजे तेल लावून तवा तापवणे, त्याचे यंत्राने केलेले हे भाषांतर. घरात तवा वापरणाऱ्या कोणीही एकदा वाचले असते तरी हे वाक्य सुटले नसते.

एआय वापरले एवढ्यावर आमची तक्रार नाही. गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितले आहे की मजकूर कसा तयार केला यापेक्षा तो किती उपयोगाचा आहे ते पाहिले जाते. पण मार्च २०२४ च्या स्पॅम धोरणात तितकेच स्पष्ट म्हटले आहे : केवळ क्रमवारीसाठी, वाचकाला फारसा उपयोग नसलेली पाने ढिगाने काढणे हा गैरवापर आहे, मग ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने. आपली २४० पाने नेमकी यात बसतात. त्यांतली ५४ तर 'कोथरूडमधील सर्वोत्तम तांब्याची भांडी', 'हडपसरमधील सर्वोत्तम तांब्याची भांडी' अशी आहेत, भागाचे नाव सोडले तर शब्दन्‌शब्द सारखी. आमचे दुकान एकच आहे. अशा पानांना गूगल डोअरवे पाने म्हणते आणि त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे. एकूण १७१ पाने आज 'क्रॉल केले, सध्या इंडेक्स नाही' या यादीत पडून आहेत, म्हणजे गूगलने ती पाहिली, पण शोधाच्या सूचीत (इंडेक्समध्ये) घेतली नाहीत. उरलेल्यांपैकी ९ पाने कल्हईवरच आहेत. एकाच शोधासाठी आमचीच दहा पाने एकमेकांच्या आड येतात आणि जुने पान मागे ढकलले जाते.

'मजकूर ९८ टक्के मानवी' असे जे प्रमाणपत्र आपण जोडले आहे त्याचा क्रमवारीशी संबंध नाही. असे ओळखयंत्र ओपनएआयने स्वतः काढले होते आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. तपासायचे होते ते कथील की जस्त.

प्रश्नोत्तरांच्या स्कीमाचे, म्हणजे पानावरची प्रश्नोत्तरे गूगलला ओळखू यावीत म्हणून कोडमध्ये घातलेल्या खुणांचे, वेगळे पैसे लावले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्येच गूगलने ती प्रश्नोत्तरे निकालात दाखवणे मुख्यतः नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरते मर्यादित केले. भांड्यांच्या दुकानाला त्याचा उपयोग नाही. लेखांखाली 'धातुतज्ज्ञ' म्हणून ज्या व्यक्तीचे नाव आणि फोटो आहे ती व्यक्ती अस्तित्वात नाही, ते आजच काढा. मजकुराला हात न लावता दर सोमवारी 'अद्ययावत' तारीख बदलणेही थांबवा.

यापुढे काम या क्रमाने व्हावे. आधी सर्व २४० पानांच्या वेब-पत्त्यांची यादी क्लिक व इंडेक्स स्थितीसह आम्हाला द्या. कल्हईचे पान १० जूनच्या आधीच्या बॅकअपमधून त्याच पत्त्यावर परत आणा. कल्हईवरची ९ पाने ३०१ ने, म्हणजे कायमची, त्या पानाकडे वळवा. भागांची ५४ पाने काढून तिथे ४१०, म्हणजे 'पान कायमचे काढले' हा संकेत, द्या. ती सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नका, गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे पान सापडत नसल्यासारखेच, समजते. जी पाने ठेवून फक्त शोधातून काढायची आहेत त्यांवर नोइंडेक्स ('शोधात घेऊ नका' ही खूण) लावा, पण तीच पाने रोबोट्स फाइलमध्ये (गूगलने कोणती पाने वाचू नयेत ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) अडवू नका. अडवली तर गूगलला नोइंडेक्सची खूण वाचताच येत नाही, आणि आपल्या माणसाने १४ ऑक्टोबरला नेमके तेच केले आहे. सर्च कन्सोलमधल्या रिमूव्हल टूलवर (पाने शोधातून तात्पुरती लपवण्याच्या सोयीवर) विसंबू नका, त्याचा परिणाम साधारण सहा महिन्यांपुरता असतो. काढलेले पत्ते साइटमॅपमधूनही (गूगलला दिलेल्या पानांच्या यादीतूनही) जायला हवेत. मॅन्युअल अॅक्शन्समध्ये (गूगलच्या माणसांनी साइटवर केलेल्या कारवाईच्या यादीत) काही नोंद नाही, त्यामुळे 'पुनर्विचार अर्जा'साठी आपण जे शुल्क सुचवले आहे ते कशासाठी हे कळत नाही. तो अर्ज फक्त तशी नोंद असेल तरच करता येतो.

साफसफाईनंतरही स्थान परत यायला काही महिने लागू शकतात, याची आम्हाला कल्पना आहे. तेवढ्या काळात नवे पान चढवू नये. पुढे एआयने कच्चा मसुदा काढला तरी तो आमच्याकडे येईल, कारागिरांना वाचून दाखवला जाईल आणि आमच्या लेखी होकारानंतरच साइटवर जाईल.

सर्च कन्सोलची मालकी आपल्या खात्यावर आहे, ती सात दिवसांत आमच्या खात्यावर द्यावी. २४० लेखांचे आणि स्कीमाचे आकारलेले पैसे ३० नोव्हेंबरपर्यंत परत करावेत. १० जूनपूर्वीचा बॅकअप आपल्याकडे शिल्लक आहे की नाही, हे मात्र उद्याच कळवावे, कारण तो जुना मजकूर ज्या कारागिरांनी सांगितला त्यांच्याकडे पुन्हा जाऊन बसायचे असेल तर दिवाळीनंतरच्या या मोकळ्या दिवसांतच त्यांना वेळ आहे.

आपले,
तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान,
तांबट आळी, कसबा पेठ, पुणे

सोबत : कल्हईच्या पानाचा तीन महिन्यांचा तुलनात्मक आलेख, इंडेक्स न झालेल्या १७१ पत्त्यांची यादी, चुकीच्या मजकुराची छापील पाने