हेंडरसनचं नाव त्या भिंतीवर हवं

टोरोंटो,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुहास,

सुखरूप पोचल्याचा तुझा फोन आला, जिवात जीव आला. पण विमानतळाच्या वाटेवर आपला वाद अर्धाच राहिला आणि तो काही डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

हॉकी हॉल ऑफ फेम, म्हणजे आइस हॉकीतल्या थोरांची नावं जिथे लावतात, तिथल्या त्या जुन्या बँकेच्या इमारतीत, रंगीत काचांच्या घुमटाखाली, तू भिंतीवर कॅनडाच्या पॉल हेंडरसनचं नाव शोधत होतास. इतकी वर्षं माझ्या तोंडून ऐकलेलं ना! ते सापडलं नाही तेव्हा तू म्हणालास, "बरोबरच आहे. एका गोलावर कारकीर्द मोजत नाहीत. उद्या जोगिंदर शर्मालाही सचिनच्या पंगतीत बसवशील." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

आकडे तुझ्या बाजूचे आहेत, ते आधी कबूल करतो. एनएचएलचे, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगचे, ७०७ सामने, २३६ गोल, आणि त्या लीगचा करंडक, स्टॅनली कप, एकदाही नाही. आपली कारकीर्द त्या मानाला पुरी पडत नाही, असं खुद्द हेंडरसनच सांगत आलाय.

पण "एक गोल" हे मी ऐकून घेणार नाही. १९७२ची कॅनडा-सोव्हिएत मालिका आठ सामन्यांची. सोव्हिएतांना सहज लोळवू, असं इथे जवळपास सगळ्यांनी धरलेलं. आणि पहिल्याच रात्री माँट्रियलमध्ये कॅनडाने ७-३ असा मार खाल्ला. मॉस्कोतल्या पाचव्या सामन्यात हेंडरसन कडेच्या फळ्यांवर जाऊन आदळला, डोक्याला मार बसला. डॉक्टर खेळू नको म्हणत होते. त्याने प्रशिक्षक हॅरी सिंडनला गळ घातली, मला बसवू नका. तोही सामना कॅनडाने गमावला. आता मालिका जिंकायची तर उरलेले तिन्ही जिंकायलाच हवेत. सहाव्यातला विजयी गोल हेंडरसनचा. सातव्यातला त्याचाच. आठव्यात, २८ सप्टेंबरला, दोन सत्रं संपली तेव्हा कॅनडा ५-३ असा मागे. कसेबसे ५-५ झाले, तेव्हा बाकावरच्या हेंडरसनने बर्फावर खेळणाऱ्या सहकारी पीटर महोव्हलिचला हाका मारून बाहेर बोलावलं आणि स्वतः आत उडी घेतली. जाळ्यामागे पडला, उठला, पुढे आला. पहिला फटका सोव्हिएत गोलरक्षक त्रेत्याकने अडवला, दुसरा आत गेला. ३४ सेकंद उरली होती.

जोगिंदरचं ते षटक मलाही प्रिय आहे रे. पण लागोपाठ तीन सामने असं कुणी जिंकून दिलं असतं, तर आपण काय म्हटलं असतं?

आणि नुसती एनएचएलची वही बघून तिथे निवड होते असंही नाही. त्रेत्याक १९८९ मध्ये तिथे गेला, एनएचएलचा एकही सामना न खेळता. त्या मालिकेत हेंडरसनइतकेच सात गोल करणारा सोव्हिएत खेळाडू याकुशेव २०१८ मध्ये गेला. दोघांनी ऑलिंपिक गाजवलं, त्यांचा मान रास्तच आहे. बॉब गेनी २३९ गोलांवर आत आहे, म्हणजे हेंडरसनहून फक्त तीन जास्त. तो गेला बचावाच्या आणि पाच स्टॅनली कपांच्या बळावर, तेही योग्यच. म्हणजे प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मापाने मोजलं. नियमांत कौशल्याबरोबर खेळाला दिलेलं योगदानही धरलेलं आहे. हेंडरसनला या मापाने का नाही मोजायचं?

आमचे शेजारी, ते निवृत्त मास्तर, तुला भेटले होते बघ. आठव्या सामन्याच्या त्या गुरुवारी त्यांनी शिकवणं बंद करून टीव्ही वर्गात आणला होता. मी इथे नवा होतो तेव्हा, पहिल्या हिवाळ्यात, त्यांनी मला त्या सामन्याची टेप दाखवली. निकाल पाठ असलेला तो म्हातारा शेवटच्या मिनिटाला उठून उभा राहिला, आणि मी, ज्याला ऑफसाइडही कळत नव्हता, तोही उभा राहिलो. त्या दिवसापासून मी हा खेळ बघतोय.

निवड समितीत अठरा जण असतात, चौदा मतं लागतात. ती मिळायला हवीत आणि लवकर मिळायला हवीत. हेंडरसनचा जन्म १९४३चा आहे.

आठव्या सामन्याचं शेवटचं सत्र शोधून एकदा पूर्ण बघ, आणि मग फोन कर. इथे रात्र असली तरी चालेल. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू