फुटलेल्या डंपलिंगचा फोटो

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून नीट पाहिला. ताटात बावीस डंपलिंग आहेत, त्यांतली नऊ फुटली आहेत. पण सगळी एकाच कारणाने फुटलेली नाहीत, त्यामुळे 'मैदाच वाईट निघाला' हे आईचं निदान मला पटत नाही. पाच डंपलिंगची कड उघडली आहे. तीन पोटातून फाटली आहेत. उरलेल्या एकाचं बूड गायब आहे, ते बहुधा पातेल्याच्या तळाला चिकटून राहिलं असणार. हे तीन वेगळे आजार आहेत.

आधी कड उघडलेली पाच. फोटोत त्यांच्या कडेवर कोबीचे हिरवट कण चिकटलेले दिसतात. पारीच्या दोन कडा एकमेकींना धरतात ते ओलसर पीठ पिठाला चिकटतं म्हणून. मध्ये सारणाचा कण, तेलाचा थेंब किंवा कोरडा मैदा आला की तिथे भोक राहिलंच समजा. म्हणून सारण पारीच्या मधोमध ठेवायचं आणि कडेला चहूकडे बोटभर जागा सोडायची. १० ग्रॅमच्या पारीत १४-१५ ग्रॅम सारण पुरे. आई, तुझा हात सढळ आहे, पण इथे तो आवर. घरी लाटलेल्या ताज्या पारीला कडेला पाणी लावायची गरज नसते. विकतच्या पाऱ्या मात्र कोरड्या असतात, त्यांच्या अर्ध्या कडेवरून पाण्याचं बोट फिरवावं लागतं. पाणी जास्त झालं की कड बुळबुळीत होऊन सरकते.

बंद करताना आधी मध्यभाग चिमटीत धरायचा, मग पोटाकडून कडेकडे दाबत दोन्ही टोकांपर्यंत जायचं, म्हणजे आतली हवा बाहेर निघते. हवा राहिली तर ती गरम होऊन फुगते आणि कच्ची कड ढकलून उघडते. चुण्या घालायच्या भानगडीत पडू नका. चुण्या दिसायला छान असतात, पण गळती थांबते ती कड दाबल्यामुळे. आईची बोटं दुखत असताना साधी अर्धचंद्राची घडी घालून कडेवरून दोनदा चिमटे घेतले की काम झालं. उत्तर चीनमध्ये घरोघरी डंपलिंग करतात तेव्हाही दोन्ही हातांच्या अंगठ्यांत दाबून एका झटक्यात ती मिटवतात. त्यांच्याकडे नववर्षाच्या आदल्या रात्री घरातले सगळे मिळून शेकड्याने करतात, तिथे एकेका चुणीला कोण वेळ देणार?

आता पोटातून फाटलेली तीन. तुम्ही मोठी पोळी लाटून वाटीने गोल कापलेत ना? फोटोतल्या कडा इतक्या सारख्या गोल आहेत की तसंच दिसतंय. तशी पारी सगळीकडे सारख्याच जाडीची होते. सारणाचं वजन आणि ओल दोन्ही मध्यभागी येतं, आणि कडेला दोन थर एकत्र येऊन नुसतं पीठ होतं. हवं ते नेमकं उलट: कड पातळ आणि मध्य कडेच्या जवळजवळ दुप्पट जाड. त्यासाठी १० ग्रॅमची लाटी घ्या, म्हणजे मोठ्या सुपारीएवढी. ती तळव्याने चपटी करा. डाव्या हाताने चकती थोडी थोडी फिरवत राहा आणि उजव्या हाताने बारीक लाटणं कडेकडून आत न्या, पण मध्यापर्यंत पोचू देऊ नका. मध्याच्या अलीकडेच थांबून परत फिरा. बारा-चौदा वेळा असं फिरवलं की ९ सेंटिमीटरची पारी तयार होते आणि मधे एक हलका उंचवटा राहतो. पहिल्या पाच-सहा वाकड्या होतील, त्याने चवीला काही होत नाही. जाड पोळीच्या लाटण्याने हे जमत नाही, दीड-दोन सेंटिमीटर जाडीची सरळ काठी हवी.

पोट फाटायचं दुसरं कारण म्हणजे वेळ. भरलेली डंपलिंग तासभर ताटात पडून राहिली तर सारणाची ओल पारीत उतरते, बूड लिबलिबीत होतं आणि उचलताना ताटालाच राहतं. भरल्यावर अर्ध्या तासात ती गॅसवर तरी जायला हवीत, नाहीतर फ्रीझरमध्ये. ताटाला मैदा नीट भुरभुरून ठेवा.

पिठाबद्दल एक बदल सुचवते. तुम्ही थंड पाण्यात भिजवलंत ते उकळत्या पाण्यात सोडायच्या डंपलिंगसाठी बरोबर आहे: २०० ग्रॅम मैद्याला १०० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर मीठ. पण तुमच्या दोघांसाठी मी गरम पाण्याचं पीठ निवडीन. २०० ग्रॅम मैद्यात नुकतंच उकळी आलेलं ११० ते १२० मिलिलिटर पाणी काट्याने किंवा चॉपस्टिकने ढवळत थोडं थोडं ओता आणि हात लावण्याइतकं निवलं की मळा. गरम पाण्याने मैद्यातला स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो आणि ग्लुटेनचा, म्हणजे पिठाला चिवट करणाऱ्या प्रथिनाचा, ताठपणा मोडतो. त्यामुळे पारी लाटताना मागे ओढली जात नाही, मनगटाला जोर कमी लागतो, आणि शिजल्यावर मऊ लागते. बाबा, तुमच्या दाढेच्या दृष्टीने हे महत्त्वाचं. मात्र हे पीठ उकळायला फारसं चांगलं नाही, ढेपाळतं. ते तव्यावर किंवा वाफेवर करायचं.

पीठ कोणतंही असो, मळल्यावर अर्धा तास झाकून ठेवायचंच. सुरुवातीला ते खडबडीत दिसतं म्हणून लगेच पाण्याचा हबका मारू नका. पंधरा मिनिटांनी पुन्हा दोन मिनिटं मळलं की आपोआप गुळगुळीत होतं. यातून तीस पाऱ्या निघतात. लाट्या ओलसर फडक्याखाली ठेवा, नाहीतर वर कोरडी साय धरते आणि कड चिकटत नाही.

आता सारण. खरी गडबड इथेच आहे, कारण फोटोतल्या ताटात तळाला पाणी साचलंय. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते आधी काढलं नाही तर ते पारीच्या आत सुटतं. ३०० ग्रॅम कोबी बारीक चिरा, त्याला पाऊण चमचा मीठ चोळा आणि वीस मिनिटं ठेवा. मग सुती फडक्यात बांधून पिळा. अर्धी वाटी तरी पाणी निघायला हवं. पिळायला बाबांचे हात घ्या. टोफू १५० ग्रॅम, घट्ट प्रकारचा, दोन ताटल्यांमध्ये वर वजन ठेवून वीस मिनिटं दाबा, मग कुस्करा. सुके शिताके मश्रूम सहा-सात, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, पिळून, देठ काढून बारीक करा. भिजवलेलं पाणी फेकू नका, सूपला फार छान. त्यात एक चमचा किसलेलं आलं, दोन कांद्याच्या पाती, एक मोठा चमचा तिळाचं तेल आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर शिजताना उरलेली ओल शोषून सारण बांधून ठेवतं. भाज्यांना तेल आधी चोळायचं आणि सोया सॉस अगदी शेवटी, कारण खारट काही लागलं की भाजी पुन्हा पाणी सोडायला लागते.

बाबांना चिकनची हवी असतील तर तिथला नियम उलटा वाटेल, म्हणून सांगून ठेवते: खिम्यात पाणी घालायचं. २५० ग्रॅम खिम्याला अर्धा चमचा मीठ लावून एकाच दिशेने तीन-चार मिनिटं जोरात ढवळा. तो चिकट होऊन भांड्याच्या कडेला तार सुटल्यासारखा दिसला पाहिजे. दिशेपेक्षा मी चिकटपणाला जास्त महत्त्व देते, पण एक दिशा धरली की हात थांबत नाही. मग एकेक चमचा करून ५० मिलिलिटर पाणी जिरवा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटी होतात आणि हे पाणी धरून ठेवतात. ते शिजल्यावर रस म्हणून तोंडात येतं. कोबीचं पाणी कुणी धरलेलं नसतं, ते सरळ पारीवर जातं. म्हणून ते काढायचं आणि हे घालायचं. शेवटी पिळलेला कोबी १५० ग्रॅम आणि तिळाचं तेल मिसळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, गार सारण भरायला सोपं जातं. चव बघायला कच्चा खिमा जिभेला लावू नका, एक चमचा तव्यावर परतून बघा.

शिजवायची माझी आवडती पद्धत तव्यावरची. चिनी भाषेत तिला गुओतिए म्हणतात, शब्दशः 'भांड्याला चिकटलेलं'. जपानी ग्योझा यातूनच आलं, दुसऱ्या महायुद्धानंतर ईशान्य चीनमधल्या मांचुरियातून परतलेल्या जपानी लोकांमुळे तिकडे पसरलं. त्यांची पारी पातळ असते आणि लसूण जास्त.

नॉनस्टिक पॅनमध्ये एक मोठा चमचा तेल, मध्यम आच, डंपलिंग बुडावर बसवून ओळीने लावा, एकमेकांना जरा मोकळी. दोन मिनिटांत बूड सोनेरी होतं. मग डंपलिंगच्या उंचीच्या एक तृतीयांश येईल इतकं पाणी, बारा नगांना साधारण ८० ते १०० मिलिलिटर. आई, इथे नीट लक्ष दे: झाकण डाव्या हातात आधीच तयार ठेव, पाणी आपल्यापासून लांबच्या कडेने ओत आणि लगेच झाक. गरम तेलात पाणी पडलं की उडतंच. पाणी आधी मोजून एका वाटीत घेऊन ठेव म्हणजे धांदल होत नाही. सहा-सात मिनिटं वाफ, मग झाकण काढून उरलेलं पाणी उडेपर्यंत आणखी एक-दोन मिनिटं. तडतड आवाज बारीक होऊन चुरचुर ऐकू आली की पाणी संपलं आणि पुन्हा तळणं सुरू झालं. आता उलथन्याने एक हलवून बघा. चिकटलं असेल तर ओढू नका, अर्धं मिनिट थांबा, खरपूस झालं की स्वतः सुटतं. साध्या पाण्याऐवजी १०० मिलिलिटर पाण्यात एक मोठा चमचा मैदा कालवून ओतलात तर खाली जाळीदार कुरकुरीत पापुद्रा धरतो. जपानीत त्याला पंख म्हणतात. पण बाबांच्या दातांना तो नको, आईच्या ताटात घाला.

वाफेवर करायचं तर पाणी आधी उकळू द्या, चाळणीत कोबीची पानं अंथरा, डंपलिंगमध्ये बोटभर अंतर ठेवा. भाजीच्यांना ८ मिनिटं, चिकनच्यांना १०. चिकनचं एक कापून बघायचंच, आत कुठेही गुलाबी दिसायला नको. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस.

आणि उकळायची झालीच, तर बूड गमावलेल्या त्या एकाचा इलाज असा: पातेलं मोठं घ्या, पंधरा नगांना तीन लिटर पाणी. सोडल्याबरोबर डावाच्या पाठीने तळाशी हलकेच एकदा ढवळा. उकळी आली की एक कप गार पाणी घाला, पुन्हा उकळी, पुन्हा एक कप. चिकनला असं तीनदा, भाजीला दोनदा. खळाखळा उकळत्या पाण्यात पारी आपटून फाटते आणि आत कच्चं राहतं. गार पाण्याने उसळी बसते आणि सारणाला शिजायला वेळ मिळतो.

बुडवायच्या चटणीबद्दल थोडी कटकट करते. एका मोठ्या चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर, सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते. बाबांच्या रक्तदाबाला वाटीभर सॉस परवडणार नाही. दोघांत मिळून दोन चहाचे चमचे सोया, चार चमचे राइस व्हिनेगर किंवा चिनी काळं व्हिनेगर, आल्याच्या बारीक काड्या आणि दोन थेंब मिरचीचं तेल. आंबटपणा जास्त ठेवला की मीठ कमी आहे हे कळतही नाही.

तीस एकदम खायची नाहीत हे मला माहीत आहे. उरलेली कच्चीच गोठवा: ट्रेवर बेकिंग पेपर, वर मैदा, एकमेकांना न लागता, दोन तास. दगडासारखी झाली की पिशवीत भरून तारीख लिहा, महिना-दीड महिन्यात संपवा. शिजवताना वितळवू नका. वितळली की पारी ओली होऊन एकमेकांना चिकटते. गोठलेलीच पॅनमध्ये लावा, थोडं जास्त पाणी आणि दोन-तीन मिनिटं जास्त वेळ.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक: चीनच्या शिनजियांगमध्ये तुर्फानजवळ अस्ताना इथल्या थडग्यांत तांग काळातली, म्हणजे इ.स. ६१८ ते ९०७ मधली, डंपलिंग सापडली आहेत, वाळून टणक झालेली. वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे टिकली. आकार तुमच्या ताटातल्यासारखाच, अर्धचंद्र. आणि कडा मिटलेल्या आहेत.

पुढच्या वेळी फोटो काढाल तेव्हा एक डंपलिंग सुरीने अर्धं कापून त्याचाही काढा. मध्याची जाडी आणि सारणाची ओल त्यात दिसते, वरून काहीच कळत नाही.

तुमची,
धाकटी