पाटीवर उतरण्याचा वेगही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 चंदीगडहून निवृत्त झालं. 1963 मध्ये ते हवाई दलात आलं तेही तिथेच. त्या निमित्ताने छापून आलेल्या मजकुरात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या : ध्वनीच्या दुप्पट वेग आणि ‘उडती शवपेटी’. हे विमान मी उडवलं आहे, म्हणून लिहितो.

ध्वनीचा वेग ओलांडताना वैमानिकाला जवळजवळ काहीच जाणवत नाही. इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर पेटला की पाठीला रेटा बसतो. मग अकरा किलोमीटर उंचीवर मॅकमीटर, म्हणजे ध्वनीच्या पटीत वेग दाखवणारा काटा, एकच्या पुढे सरकतो आणि उंची दाखवणारा काटा एकदम उडी मारतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी दचकलो होतो. गडगडाट होतो तो खाली, जमिनीवरच्यांच्या कानात. आपण त्याच्या पुढे गेलेलो असतो. वर गर्द निळं आकाश, आणि इंधनाचा काटा डोळ्यांदेखत खाली येत असतो.

कस लागायचा तो उतरताना. ते छोटे त्रिकोणी पंख वेगासाठीच केलेले; वेग उतरला की ते विमान नीट तोलत नाहीत. त्यामुळे चाकं टेकतानाही ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेग असे. नाक वर, धावपट्टी नाकाआड जाऊ पाहतेय, आणि हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, घट्ट. तो घाईने मागे ओढला की विमान धपकन खाली बसे. टेकल्यावर मागचं पॅराशूट उघडल्याचा हिसका बसला की जिवात जीव येई.

तेजपूरला टाइप-77 वर, म्हणजे मिग-21 च्याच एका प्रकारावर, आलो तेव्हा आमच्या हाताला किरण या प्रशिक्षण विमानाच्या संथ वेगाची सवय होती. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, ही शिफारस 1982 ची. तसं विमान, हॉक, आलं 2008 मध्ये. या मधल्या वर्षांत विशी-बाविशीतली पोरं थेट त्या पंखांवर बसली. माझ्या तुकडीतले दोघे परत आले नाहीत. दोघांचंही उड्डाण माझ्यापेक्षा सफाईदार होतं. सगळा दोष विमानाच्या माथी मारला की ही सव्वीस वर्षं कुणाच्याच हिशेबात येत नाहीत.

ओझरला बांधलेली ही विमानं आता ठिकठिकाणी चौथऱ्यांवर उभी आहेत. पाटीवर कमाल वेग असतो. त्याखाली उतरण्याचा वेगही लिहावा, आणि 1982 व 2008 ही दोन सालं.

आपला,
एक निवृत्त लढाऊ वैमानिक